जेम सुलतानला बंडखोर कोणी केलं?

तुर्की ऐतिहासिक मालिका हिंदी-उर्दूत डब होऊन घराघरांत पोचल्यापासून ऑटोमन राजघराण्याबद्दल आपल्याकडेही हिरिरीने वाद होतात. हा वाद हटकून एका मुद्द्यावर येऊन ठेपतो: गादीवर बसणाऱ्याने आपल्या भावांना मारून टाकण्याची प्रथा. एक बाजू म्हणते, प्रथा क्रूर होती, पण तिच्यामुळेच साम्राज्य सहाशे वर्षं एकसंध राहिलं. पुरावा म्हणून पंधराव्या शतकातल्या जेम सुलतान या राजपुत्राचं नाव पुढे केलं जातं. एक भाऊ जिवंत निसटला आणि बघा, त्याच्या जिवावर युरोपने सुलतानाला कसं वेठीला धरलं! दुसरी बाजू याच प्रथेत एका धर्माचा, एका वंशाचा स्वभाव शोधते आणि तो सापडला असं समजून तिथेच थांबते. जेमच्या आयुष्याकडे मात्र दोघांपैकी कोणीच नीट बघत नाही. ते बघितलं तर निष्कर्ष नेमका उलटा निघतो असं माझं ठाम मत आहे. भाऊ मारण्याच्या नियमानेच जेमला बंडाकडे ढकललं आणि त्याच नियमामुळे शत्रूच्या दरबारात त्याला किंमत आली. ज्या यादवीपासून हा नियम राज्याला वाचवतो असं सांगितलं जातं, ती यादवीही याच नियमाने पुन्हापुन्हा पेटवली.

जेमचा जन्म १४५९ सालचा, एदिर्नेचा. बाप दुसरा मेहमेद, ज्याने १४५३ साली कॉन्स्टँटिनोपल जिंकलं आणि ज्याला तुर्क आजही ‘फातिह’ म्हणजे विजेता म्हणतात. आई चिचेक हातून. थोरला सावत्र भाऊ बायेझिद त्याच्याहून बारा वर्षांनी मोठा. ऑटोमन रिवाजानुसार राजपुत्रांना लहानपणीच एखाद्या प्रांताचा कारभार देऊन शिक्षकांच्या देखरेखीखाली पाठवत. जेम दहाव्या वर्षाच्या आसपास कास्तामोनूला गेला. १४७३ साली बाप पूर्वेकडच्या उझून हसन या तुर्कमान राजावर चालून गेला, तेव्हा चौदा वर्षांच्याही आतल्या या मुलाला एदिर्नेत राज्याची राखण करायला ठेवलं होतं. बरेच दिवस युद्धाची खबर आली नाही. सुलतानाचं बरंवाईट झालं असावं असं समजून जेमच्या सल्लागारांनी त्याच्या नावाने निष्ठेच्या शपथा घ्यायला सुरुवात केली. मेहमेद जिंकून परतला आणि त्याने त्या सल्लागारांना ठार केलं. मुलाला काही केलं नाही. या प्रसंगाकडे लोक जेमच्या महत्त्वाकांक्षेचा पहिला पुरावा म्हणून बघतात. मला त्यात वेगळंच दिसतं. बाप मेल्याची नुसती शंका आल्याबरोबर त्या पोराभोवतीच्या माणसांना पहिली घाई झाली ती शपथा घेण्याची. का? कारण दुसऱ्या भावाने त्या आधी घेतल्या असत्या तर त्यांचा मालक मेला असता आणि बहुधा तेही.

यानंतर जेम कोन्याला आला, कारामान प्रांताचा सुभेदार म्हणून. कोन्या हे रूमीचं गाव, फारसी काव्याची जुनी पेठ. इथे त्याच्याभोवती कवींचं मंडळ जमलं. त्याने स्वतः तुर्कीत आणि फारसीत दिवाण, म्हणजे काव्यसंग्रह, लिहिले, आणि ते आजही अभ्यासले जातात.

आता तो नियम. मेहमेदच्या कानूनाम्यात, म्हणजे कायदेसंहितेत, एक कलम आहे. त्याचा आशय असा: माझ्या मुलांपैकी ज्याच्या वाट्याला सल्तनत येईल त्याने जगाची घडी नीट राहावी म्हणून आपल्या भावांना मारणं योग्य आहे, आणि बहुसंख्य उलेमांनी (धर्मपंडितांनी) याला परवानगी दिली आहे. या संहितेत नंतरची भर किती, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत; प्रथेबद्दल मात्र नाहीत. कोसोव्होच्या रणांगणावर १३८९ साली पहिल्या बायेझिदने आपला भाऊ याकूब याला मारवलं. खुद्द मेहमेदने १४५१ साली गादीवर येताच आपल्या तान्ह्या सावत्र भावाचा जीव घेतला. जेम आणि बायेझिद दोघेही हे ऐकत लहानाचे मोठे झाले. बाप ज्या दिवशी मरेल त्या दिवसापासून आपल्यापैकी एकाचे दिवस मोजलेले, हे दोघांना ठाऊक होतं. अशा दोन माणसांकडून कोणत्या वागण्याची अपेक्षा करायची?

३ मे १४८१ रोजी मेहमेद मोहिमेवर असताना गेब्झेजवळ वारला. वजीर कारामानी मेहमेद पाशाने मृत्यू लपवला आणि जेमकडे निरोप धाडला. बायेझिदच्या बाजूच्या सुभेदाराने तो वाटेतच अडवला. इकडे इस्तंबूलमध्ये जॅनिसरी, म्हणजे सुलतानाच्या पगारी पायदळातले सैनिक बिथरले, त्यांनी वजिराला ठार केलं आणि शहर लुटलं. बायेझिदचा मुलगा कोर्कुत याला तात्पुरतं गादीवर बसवून बापासाठी जागा धरून ठेवण्यात आली. मे संपायच्या आत बायेझिद राजधानीत पोचून सुलतान झाला. जेम बुर्साला आला, जुन्या राजधानीला. त्याने शुक्रवारच्या नमाजाचा खुतबा (प्रवचन) स्वतःच्या नावाने वाचवून घेतला, नाणी पाडली आणि अठरा दिवस तोही सुलतान होता. जूनमध्ये येनीशेहिरजवळ त्याची फौज मोडली.

बायेझिदच्या बाजूने बोलणारे इथे एक जबर मुद्दा मांडतात आणि तो मान्य करायलाच हवा. जेम निष्पाप बळी नव्हता. तलवार त्यानेही उपसली. तो जिंकला असता तर बायेझिद वाचला असता, असं मानायला काहीही आधार नाही. हे सगळं खरं आहे. पण त्याच अठरा दिवसांत त्याने काय केलं तेही याच्या शेजारी ठेवून बघा. आजोबांची बहीण, वृद्ध सेल्जुक हातून हिला त्याने बायेझिदकडे पाठवलं आणि प्रस्ताव ठेवला: आशियातला मुलूख मला, युरोपातला तुला. बायेझिदने नकार दिला. राजांमध्ये नातं नसतं, असं उत्तर त्याने दिल्याचं सांगतात. राज्याची फाळणी नाकारण्याचा बायेझिदला हक्क होता आणि राज्यकर्ता म्हणून त्याचा निर्णय शहाणपणाचाही म्हणता येईल. सेल्जुकांची आणि तैमुराच्या वंशजांची राज्यं वाटण्या करूनच विरली होती. मात्र ‘राज्याचे तुकडे करणार नाही’ हे एक विधान झालं आणि ‘म्हणून भावाला मारणार’ हे दुसरं. वाद घालणारे ही दोन विधानं एकाच श्वासात म्हणतात आणि पहिल्याचं सगळं पुण्य दुसऱ्याच्या खात्यावर जमा करतात. एकच वारस, अखंड मुलूख, ही व्यवस्था भावांच्या रक्ताशिवाय चालू शकत नाही हे कोणी सिद्ध केलं? याकडे मी पुढे येतो.

हरलेला जेम सीरियामार्गे कैरोला गेला. इजिप्तचा ममलूक सुलतान कैतबाय याने त्याला मानाने ठेवून घेतलं. तिथून त्याने हज केली. गादीवर बसलेल्या एकाही ऑटोमन सुलतानाने ती कधी केली नाही. १४८२ साली कारामानच्या जुन्या घराण्यातल्या कासिम बेगच्या चिथावणीने तो परत आनातोलियात, म्हणजे तुर्कांच्या आशियाई मुलखात उतरला. कोन्या घेता आलं नाही, अंकाराकडचा प्रयत्नही फसला. या टप्प्यावर बायेझिदने त्याला जेरुसलेममध्ये शांतपणे राहण्याच्या अटीवर दरसाल मोठी रक्कम देऊ केली. जेमने ती घेतली नाही.

माझ्या मताविरुद्धचा सर्वांत वजनदार पुरावा हाच आहे. नियम बाजूला ठेवून भाऊ जीवदान देत होता, जेमनेच लाथाडलं, मग दोष नियमाचा कसा? उत्तर त्याच वर्षात आहे. जेमचा लहानगा मुलगा ओगुझ हान आजोबांच्या हयातीपासून इस्तंबूलच्या राजवाड्यात राहत होता. १४८२ सालीच बायेझिदच्या हुकमाने त्याचा गळा आवळण्यात आला. ज्या सेनापतीमुळे बायेझिदची गादी टिकली, त्या गेदिक अहमद पाशालाही त्याच सुमारास संपवलं. हे सगळं जेम देश सोडून गेल्यानंतर घडलं, त्यामुळे नकार देताना त्याला ते ठाऊक असण्याचा प्रश्न नव्हता. पण जेरुसलेमच्या त्या आश्वासनाची किंमत काय होती, हे यावरून नेमकं मोजता येतं. जिथे कायदाच सांगतो की तुझं मरण राज्याच्या भल्याचं आहे, तिथे राजाच्या शब्दाला तारण कसलं? आज पेन्शन आहे, उद्या एखादी अफवा उठली की दोरी आहे. जिवंत राहण्याची हमी देण्याची ताकदच या नियमाने सुलतानाच्या हातून काढून घेतली होती, सुलतानाची इच्छा असो वा नसो. ओगुझच्या मृत्यूवर जेमने लिहिलेला शोक त्याच्या काव्यात आहे, आणि या नियमाला ‘कठोर पण आवश्यक’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने आधी त्या मुलाचं वय डोळ्यांसमोर आणावं असं मला मनापासून वाटतं.

जुलै १४८२ मध्ये जेम ऱ्होड्स बेटावर उतरला. हे बेट सेंट जॉनच्या धर्मयोद्ध्यांचं. दोनच वर्षांपूर्वी त्याच्या बापाच्या फौजेने त्याला वेढा घातला होता आणि हात हलवत परत गेली होती. पंथप्रमुख पिएर द’ओबुसाँने त्याला अभयपत्र दिलं होतं. आश्रय घ्यायचा, युरोपच्या बाजूने रुमेलियात, म्हणजे ऑटोमनांच्या युरोपीय मुलखात उतरायचं आणि पुन्हा लढायचं, असा जेमचा बेत होता. द’ओबुसाँने काही आठवड्यांत त्याला फ्रान्सकडे रवाना केलं आणि बायेझिदशी करार केला: भावाला आम्ही अडकवून ठेवतो, तुम्ही दरसाल ४५,००० डुकाट (सोन्याची नाणी) द्या. कैरोत बसलेल्या त्याच्या आईकडूनही, मुलाला परत आणण्याच्या आशेवर, पैसे उकळले गेले.

इथून पुढे युरोपात जेमबद्दल एक प्रेमकथांचं, शौर्यकथांचं दालन उभं राहिलं. ‘झिझिम’ नावाचा देखणा पूर्वेकडचा राजपुत्र, फ्रान्सच्या किल्ल्यांत बंदी, कुणा सरदारकन्येचं त्याच्यावर जडलेलं मन. बुर्गनफला त्याच्यासाठी बांधलेला मनोरा आजही झिझिमचा मनोरा म्हणून दाखवतात. या कथांतून एक समज पसरतो की भावाने जीव घ्यायचा ठरवला आणि ख्रिस्ती युरोपने आश्रय दिला. त्या समजाला अजिबात थारा देऊ नये. ज्यांनी त्याला ठेवलं त्यांनी त्याचं भाडं वसूल केलं. १४८९ साली त्याला रोमला हलवलं, पोप आठव्या इनोसंटच्या ताब्यात. त्याच वर्षी द’ओबुसाँ कार्डिनल झाला. आता वर्षाचे ४०,००० डुकाट पोपच्या तिजोरीत येऊ लागले. १४९२ साली बायेझिदने ख्रिस्ताच्या कुशीत खुपसल्याचं मानलं जाणारं भाल्याचं पातं पोपला भेट पाठवलं. हंगेरीचा राजा, नेपल्सचा राजा, कैरोचा सुलतान, सगळ्यांना हा कैदी हवा होता. पोपपुढे उभा केला तेव्हा जेमने गुडघे टेकले नाहीत. त्याने विनवलं ते एवढंच की मला इजिप्तला माझ्या आईकडे, माझ्या लेकरांकडे जाऊ द्या. धर्म बदलायची सूचना त्याने ठामपणे नाकारली. हंगेरीच्या फौजेसोबत आपल्याच धर्मबांधवांवर चालून जायलाही त्याची तयारी नव्हती. त्याला ‘परक्यांना मिळालेला फितूर’ म्हणणाऱ्यांनी या नकारांचा हिशेब द्यायला हवा.

एका पळालेल्या राजपुत्राचे एवढे पैसे का मिळत होते? ‘जेम जिवंत होता म्हणून बायेझिद पश्चिमेकडे पाऊल टाकू शकला नाही’ म्हणणारे या प्रश्नाजवळ येऊन थांबतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, तेही मी नाकारत नाही. इटलीच्या टाचेवरचं ओत्रांतो तुर्कांनी १४८० साली घेतलं होतं, ते १४८१ च्या वारसायुद्धाच्या धामधुमीत गेलं. व्हेनिसशी मोठं युद्ध बायेझिदने केलं ते १४९९ साली, जेम मेल्यानंतर. (मोल्दाव्हियातली किलिया आणि आक्करमान ही बंदरं त्याने १४८४ सालीच घेतली आणि ममलूकांशी सहा वर्षं लढाई केली, तेव्हा तो अगदीच जखडलेला नव्हता.) पण पोप जे विकत होता ती जेमची फौज नव्हती, त्याच्याकडे मूठभर नोकर होते. विकली जात होती ती बायेझिदची भीती. ती भीती येत होती गादीच्या नियमातून. जो भाऊ जिवंत आहे तो गादीचा दावेदार आहे, मग त्याचा पराभव झालेला असो वा नसो, अशी व्यवस्था होती. थोरला मुलगा वारस, बाकीच्यांचा हक्क संपला, असा साधा नियम असता तर जेमची किंमत एका निर्वासित सरदाराइतकी राहिली असती. अमुक जिवंत असेल तर राज्य धोक्यात, असं एखाद्या राज्याने आपल्याच कायद्यात लिहून ठेवलं, की शत्रूने काय हस्तगत करायचं हेही त्या राज्यानेच सांगितलेलं असतं. बायझंटाइन सम्राट आधीच हे शिकले होते. ओर्हान नावाचा ऑटोमन राजपुत्र कॉन्स्टँटिनोपलमध्ये सांभाळून त्याच्या खर्चापोटी ते सुलतानाकडून पैसे घेत होते आणि त्याला मोकळं सोडू अशी धमकीही देत होते.

पळून आलेल्या राजपुत्राचं काय करायचं, हा प्रश्न आपल्या मातीलाही पडला होता. औरंगजेबाचा मुलगा अकबर १६८१ साली बापाविरुद्ध बंड करून, फसून, दुर्गादास राठोडसोबत दक्षिणेत आला आणि संभाजीराजांच्या आश्रयाला राहिला. संभाजीराजांचाही त्यात राजकीय हिशेब होता, आणि असायलाच हवा. औरंगजेब सगळी फौज घेऊन दक्षिणेत उतरला होता. मुलगा परत देऊन काहीतरी पदरात पाडून घेण्याचा मोह कोणालाही झाला असता. तसं झालं नाही. अकबर १६८७ साली कोकणातून जहाजाने इराणकडे निघून गेला. द’ओबुसाँने अभयपत्र देऊन जे केलं, त्याच्याशेजारी हे ठेवून बघावं. आणि त्याच वेळी आपल्याच इतिहासातलं दुसरं पानही लपवू नये: नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर रघुनाथराव १७७५ साली सुरतेला इंग्रजांशी तह करून बसले, आणि इंग्रजांनी त्या एका दावेदाराच्या जोरावर मराठी राज्याला सात वर्षं युद्धात ओढलं. दावेदार विकत घेणं हा धंदा कोणत्याही एका खंडाचा किंवा धर्माचा कधीच नव्हता.

जेमचा शेवट १४९५ साली झाला. फ्रान्सचा आठवा चार्ल्स इटलीत घुसला, पोप सहाव्या अलेक्झांडरकडून त्याने कैदी काढून घेतला आणि नेपल्सकडे नेला. वाटेत आजारी पडलेला जेम २५ फेब्रुवारीला नेपल्समध्ये गेला, पस्तिसाव्या वर्षी. पोपने विष घातलं अशी वदंता तेव्हापासून आहे. आजाराने मेला असावा असं मानणारे इतिहासकारही पुष्कळ आहेत. मेल्यावरही व्यवहार थांबला नाही. प्रेतावर घासाघीस झाली आणि चार वर्षांनी, १४९९ साली, ते बुर्साच्या मुरादिये या राजघराण्याच्या दफनभूमीत भाऊ मुस्तफाच्या शेजारी पुरलं गेलं.

आता मूळ युक्तिवादाकडे. भाऊ मारण्याच्या प्रथेचे समर्थक १४०२ ते १४१३ या काळाकडे बोट दाखवतात: तैमूरने अंकाराला पहिल्या बायेझिदचा पराभव केला, त्याचे मुलगे अकरा वर्षं एकमेकांशी लढले आणि राज्य बुडता बुडता वाचलं. म्हणून मेहमेदने नियम लिहिला. ऐकायला पटतं. पण ते मुलगे का लढले? बापाने कोसोव्होला काय केलं ते त्यांना ठाऊक होतं. हरून जगायची सोय असती तर त्यातल्या एखाद्याने तरी तडजोड केली असती. आणि नियम लिहिल्यावर काय झालं? १४८१–८२ ची यादवी नियमानंतरची. १५०९ पासून बायेझिदचे मुलगे बाप जिवंत असतानाच एकमेकांवर टपले. त्यातल्या सेलीमला दिसत होतं की थोरला अहमद गादीवर आला तर आपला गळा आवळला जाणार. म्हणून त्याने बापावरच फौज आणली, १५१२ साली बायेझिदला पदच्युत केलं आणि मग भावांना आणि पुतण्यांना मारलं. ज्या नियमाने बायेझिदची गादी सुरक्षित केली असं सांगतात, त्याच नियमाने ती त्याच्या मुलाकरवी त्याच्या हातून हिसकावून घेतली. पुढच्या पिढीत सेलीमचा मुलगा सुलेमान याने १५५३ साली आपला कर्तबगार मुलगा मुस्तफा मारवला. उरलेल्या दोघांत, सेलीम आणि बायेझिद, १५५९ साली कोन्याजवळ लढाई झाली. हरलेला बायेझिद इराणच्या शाह तहमास्पकडे पळाला, आणि १५६१ साली शाहने सोनं घेऊन त्याला मुलांसकट मारेकऱ्यांच्या हवाली केलं. जेमचीच कथा, वेगळ्या दरबारात, जास्त वेगाने. १५९५ साली तिसऱ्या मेहमेदने गादीवर येताना १९ भाऊ मारले. शांततेसाठी केलेल्या कायद्याखाली दर पिढीत एवढं रक्त सांडत असेल, तर त्या कायद्याने शांतता आणली हे म्हणायचं कशाच्या जोरावर?

साम्राज्य एकसंध राहिलं याची कारणं शोधायची तर ती दुसरीकडे आहेत: प्रांत राजपुत्रांना वतन म्हणून दिले जात नव्हते, तिमार, म्हणजे लष्करी चाकरीच्या मोबदल्यात दिलेल्या जमिनी, सुलतानाच्या मर्जीवर होत्या, आणि थेट राजधानीशी बांधलेली पगारी फौज होती.

हे सगळं एखाद्या धर्माच्या स्वभावावर ढकलणाऱ्यांसाठी फार लिहायची गरज नाही. जेम फ्रान्समध्ये बंदी होता त्याच सुमारास, १४८३ साली, इंग्लंडमध्ये दोन कोवळे राजपुत्र लंडनच्या टॉवरमधून नाहीसे झाले आणि त्यांच्या काकाने मुकुट घातला. सिंहली बखरी अशोकाने ९९ भाऊ मारल्याची आख्यायिका सांगतात. बाबराने हुमायूनला भावांशी उदारपणे वागायला सांगितलं होतं आणि हुमायूनने कामरानला अनेकदा माफ करून शेवटी आंधळं केलं. शाहजहानचे मुलगे लेखी नियम नसतानाही एकमेकांचे जीव घेत राहिले. आणि ‘काका, मला वाचवा’ ही आरोळी शनिवारवाड्यातली आहे. आपल्या भागात या ऑटोमन प्रथेची एक दूरची सावलीही आहे. विजापूरच्या दरबारात बसून इतिहास लिहिणाऱ्या फरिश्त्याने आदिलशाहीचा संस्थापक युसूफ आदिल खान हा दुसऱ्या मेहमेदचा धाकटा भाऊ असल्याची कथा दिली: १४५१ साली मारायला आलेल्यांच्या हाती आईने दुसरंच मूल दिलं आणि युसूफला व्यापाऱ्याबरोबर इराणला पाठवलं. इतिहासकार या कथेवर सहसा विश्वास ठेवत नाहीत. पण दख्खनमध्ये ती सांगता आली आणि ऐकणाऱ्यांना पटली, इतकी ही प्रथा दूरवर ठाऊक होती.

मग दुसरा मार्ग होता का? ‘त्या काळात शक्यच नव्हतं’ हे वाक्य फार स्वस्तात म्हटलं जातं. छत्रपती शाहू आणि कोल्हापूरचे संभाजी, चुलतभाऊ. संभाजी निजामाला जाऊन मिळाले, म्हणजे जेमने जे केलं तेच, किंबहुना त्याहून उघडपणे. पालखेडला निजाम हरला, नंतर वारणेकाठी कोल्हापूरची फौजही हरली. शाहूंनी चुलतभावाचा जीव घेतला नाही. मानाने भेट घेतली आणि १७३१ साली वारणेचा तह करून त्याचं राज्य त्याला दिलं. तुकडा पडला, हे खरं. छत्रपतींची सत्ता पुढे पेशव्यांकडे सरकली, हेही खरं. तरी मराठी राज्य बुडालं नाही. त्याचा सगळ्यात मोठा विस्तार या तहानंतरच्या तीस वर्षांतला आहे. तुर्कांचा समाज वेगळा, काळ अडीचशे वर्षं आधीचा, हे मान्य करूनही एवढं म्हणता येतं की हरलेला भाऊबंद जिवंत ठेवून राज्य वाढवणं माणसांना जमलेलं आहे.

आणि खुद्द ऑटोमनांनाही ते जमलं. जेमचा ऱ्होड्सवर राहिलेला मुलगा मुराद १५२२ साली सुलेमानने बेट जिंकल्यावर शोधून मारला गेला, चाळीस वर्षांनंतरही नियम त्याला विसरला नव्हता. पण १६०३ साली तेरा वर्षांचा पहिला अहमद गादीवर आला आणि त्याने भाऊ मुस्तफाला जिवंत ठेवलं. यामागे उदारपणाच होता असं नाही. अहमदला तेव्हा मूल नव्हतं, वंश संपायची भीती होती. तरी १६१७ पासून गादी घराण्यातल्या वडीलधाऱ्याकडे जाऊ लागली. अधूनमधून भावांचे खून पुढेही झाले, १८०८ पर्यंत झाले. राजपुत्रांना राजवाड्यात कोंडून ठेवण्याची नवी रीत आली आणि तिने कित्येकांची मनं मोडली. ती व्यवस्था चांगली होती असं मी म्हणणार नाही. मात्र साम्राज्य यानंतर तीनशे वर्षं टिकलं, १९२२ पर्यंत. क्रीट त्यांनी १६६९ साली पूर्ण घेतलं, व्हिएन्नाला १६८३ साली वेढा घातला, हे सारं या नव्या रीतीखाली. सहाशे वर्षांचा दाखला देणाऱ्यांनी त्यातली नंतरची ही तीन शतकं कोणत्या नियमाच्या नावे मांडायची ते सांगावं. आणि १६८७ सालचंही उत्तर द्यावं: हंगेरीतलं बुडा शहर हातचं गेलेलं, तिथल्याच मोहाचला पराभव झालेला, फौज बंडावर आलेली, राज्याची याहून वाईट अवस्था क्वचितच होती. त्या वर्षी चौथ्या मेहमेदला उतरवून त्याचा भाऊ दुसरा सुलेमान गादीवर बसवण्यात आला. मेहमेदने आपल्या कारकिर्दीत हा भाऊ जिवंत ठेवला होता. सुलेमाननेही मेहमेदला मारलं नाही. पदच्युत सुलतान पुढे पाच वर्षांहून जास्त जगला, आजारपणाने वारला, आणि त्याच्या नावाने साम्राज्यात यादवी झाली नाही.